पावसाळ्यात गिटार झणझणते आहे, ट्रस रॉड आवळू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलुंडला राहता, चार स्क्रूंनी नेक (गिटारची मान) बसवलेली, फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटसारखी गिटार आहे. जूनमध्ये दहाच्या सेटऐवजी नऊचा सेट घातला (आकडा सर्वांत बारीक तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागांत) आणि तेव्हापासून जाड तारा पहिल्या तीन-चार फ्रेटांवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, झणझणतात. ओळखीचे एक जण म्हणाले, 'पावसाने नेक फुगली, ट्रस रॉड आवळ, अ‍ॅक्शनपण खाली येईल.' (ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आतला पोलादी रॉड, अ‍ॅक्शन म्हणजे फ्रेटांपासून तारांची उंची.) रॉडचा नट हेडस्टॉककडे (खुंट्या असलेल्या टोकाकडे) दिसत नाही, आणि रॉड तुटेल अशी भीती वाटते.

आवळू नका. निदान मोजल्याशिवाय तरी नाहीच. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून मला उलटंच वाटतंय, रॉड थोडा ढिला करावा लागेल.

नेकमध्ये कायम रस्सीखेच चालू असते. एका बाजूला सहा तारा. साडेपंचवीस इंच स्केलवर (तारेच्या वाजणाऱ्या लांबीवर) दहाचा सेट सुरात लावला की सगळ्यांचा मिळून ताण सुमारे ४६ किलो होतो आणि तो नेकला पुढे, तारांच्या बाजूला ओढतो. दुसऱ्या बाजूला लाकडाच्या पोटात बसवलेला पोलादी रॉड, आवळला की नेकला मागे नेणारा. नऊचा सेट घातल्यावर तारांची ओढ ३८-३९ किलोवर आली, रॉड मात्र पूर्वीइतकाच आवळलेला राहिला. एका गटातले सात-आठ किलो कमी झाल्यावर दुसरा गट जिंकणारच. नेक मागे झुकली, मधला भाग वर आला, आणि खालच्या फ्रेटांवर दाबलेली तार पुढच्या फ्रेटला घासू लागली. आता आणखी आवळलात तर झणझण वाढेल.

पाऊस अगदीच निर्दोष नाही. लाकूड दमट हवेत पाणी पितं आणि नेक हलते. पण कुठल्या दिशेने, हे लाकूड, पॉलिश आणि रॉडची रचना यांवर ठरतं. माझ्याकडच्या दोन गिटारींपैकी रोजवूडच्या फ्रेटबोर्डची जुलैत मागे झुकते, पूर्ण मेपलची किंचित पुढे येते. म्हणून 'पावसाळा आला, आवळा' असा सरसकट नियम मी कुणाला सांगत नाही.

मोजायला काही विकत आणायची गरज नाही. दहाचा जुना सेट टाकून दिला नसेल तर त्यातली सर्वांत बारीक तार घ्या. तिची जाडी ०.०१० इंच, म्हणजे पाव मिलिमीटर. साडेनऊ ते बारा इंच रेडियसच्या (आडव्या गोलाव्याच्या) फ्रेटबोर्डला फेंडर कंपनी नेमकं एवढंच अंतर ठेवायला सांगते. (जुन्या पद्धतीच्या सव्वासात इंच रेडियसला ०.३ मिलिमीटर.) तारेचा बोटभर सरळ तुकडा कापा. गिटार सुरात लावा, पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा. आता ती तार म्हणजे ताणलेला दोरा झाली, तिच्याखाली नेकचा बाक दिसतो. आठव्या फ्रेटच्या डोक्यावर तो तुकडा आडवा सरकवा आणि सहाव्या तारेकडे बारीक नजरेने बघा. तुकडा जाताना तार उचलली गेली तर अंतर पाव मिलिमीटरपेक्षा कमी आहे. तार न हलता तुकडा जेमतेम स्पर्श करून गेला तर नेक ठीक आहे. आजूबाजूला मोकळी जागा राहिली तर बाक जास्त आहे. आणि तार आठव्या फ्रेटवर टेकलेलीच असेल, वरून बोटाने टिचकी मारल्यावर जराही 'टक' असा आवाज येत नसेल, तर नेक सपाट तरी आहे किंवा मागे तरी झुकली आहे. तुमच्याकडे हेच निघेल असा माझा अंदाज आहे.

हे मोजमाप गिटार मांडीवर वाजवायच्या स्थितीत धरूनच घ्या. टेबलावर आडवी ठेवून नेकखाली उशी दिली की त्या उशीनेही आकडा बदलतो.

एक वेगळी शक्यता आधी तपासा. झणझण फक्त मोकळ्या तारांवर येत असेल आणि पहिला फ्रेट दाबताच जात असेल, तर दोष हेडस्टॉकजवळच्या नटच्या खाचांमध्ये आहे, नेकच्या बाकात नाही. (नावं सारखी असल्याने गोंधळ होतो. तारा ज्या पट्टीवरून जातात तो एक नट, रॉड फिरवायचा तो दुसरा.) तानपुऱ्याला आपण दोरा सरकवून मुद्दाम जवारी लावतो, इथे ती नको असताना लागते, पण तारेचं घासणं शेवटी त्याच जातीचं, आणि ते नेमकं कुठे होतंय हे कानानेच शोधावं लागतं.

आता अ‍ॅक्शनबद्दल, कारण तुमच्या ओळखीच्यांचं तेच वाक्य मला सर्वांत जास्त खटकलं. तारांची उंची ब्रिजवरच्या सॅडलने (तार जिच्यावर टेकते त्या लहान तुकड्याने) ठरवायची असते. रॉडचं काम फक्त बाक. माझ्या पहिल्या गिटारची अ‍ॅक्शन उंच होती म्हणून मी ती एका दुरुस्तीवाल्याकडे दिली. त्याने सॅडलना हातही न लावता रॉड एका दमात पूर्ण फेरा आवळला. तारा खाली आल्या, मी खूश झालो. महिन्याभरात पाचव्या फ्रेटच्या खालचं काहीच नीट वाजेना. परत नेली तेव्हा नट फिरेना, त्याने जोर लावला आणि आतून 'कट' असा आवाज आला. रॉड गेला. लाकडाला काहीही झालं नव्हतं, तरी ती नेक संपली. चार स्क्रूंची गिटार असल्यामुळे निदान दुसरी नेक बसवता आली, चिकटवलेल्या नेकची असती तर ते इतकं सोपं नव्हतं. नंतर कळलं की सॅडलचे बारीक स्क्रू घामाने आणि खाऱ्या हवेने गंजले होते, म्हणून त्याने तो रस्ताच टाळला होता. मुंबईत हे फार होतं. त्या स्क्रूंना वर्षातून दोनदा मशीन ऑइलचा थेंब द्या.

तुमचा नट हेडस्टॉककडे नाही म्हणजे तो नेकच्या दुसऱ्या टोकाला, बॉडीत शिरणाऱ्या भागात असणार. फेंडरची जुनी पद्धत हीच. १९५०च्या अगदी सुरुवातीच्या एस्क्वायर गिटारींना तर रॉडच नव्हता. त्या नेक वाकू लागल्या आणि त्याच वर्षी रॉड घालणं भाग पडलं. अशा नटसाठी नेक काढावी लागते. घाबरू नका, पण घाईही करू नका.

तारा चांगल्या सैल करा. पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि शेवटच्या फ्रेटांजवळ दुसरा लावलात तर तारा खुंट्यांवरून सुटत नाहीत. गिटार गोधडीवर पालथी ठेवा. चारही स्क्रू काढा आणि कोणता कुठला ते कागदावर चौकोन काढून त्यावरच ठेवा. नेक सरळ वर उचला. खाचेतून कागदाचा, पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा पातळ तुकडा निघाला तर कचरा समजून फेकू नका. नेकचा कोन जुळवायला तो घातलेला असतो, होता तसाच परत ठेवायचा.

टोकाला फुलीची खाच असलेला नट दिसेल. स्क्रूड्रायव्हर त्या खाचेत पूर्ण भरेल एवढा मोठा हवा. लहान पात्याने खाच चावली जाते आणि मग नट कुणालाच फिरवता येत नाही. घरात नसेल तर नागदेवी स्ट्रीटला हार्डवेअरच्या दुकानांत मिळेल. जाताना नटचा शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो न्या. (हेडस्टॉककडे नट असलेल्यांसाठी: अ‍ॅलन की इंचाची की मिलिमीटरची हे आधी बघा. ३/१६ इंचाच्या जागी ५ मिलिमीटरची ठोकून बसवणं हा नट खराब करण्याचा हमखास मार्ग.)

फिरवण्याआधी नटवर आणि शेजारच्या लाकडावर पेन्सिलने एक-एक ठिपका काढा. नटकडे तोंड करून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळला जातो, उलट दिशेने ढिला होतो. तुम्ही उलट दिशेने, फेऱ्याचा आठवा भाग फिरवा. तेवढंच.

नेक परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवा. एका क्षणी तो 'टक' करून किंचित खाली बसतो. तो जुन्या आट्यांत आला. आता आवळा. थेट आवळलात तर तो लाकडात नवे आटे पाडतो आणि दोन-तीन वेळात भोकं ढिली होतात. स्क्रू एकदम न पिळता समोरासमोरचे थोडे थोडे घ्या.

सुरात लावा, मोजा, आणि मग गिटार रात्रभर तशीच ठेवा. लाकूड लगेच बसत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरात लावून मोजा, गरज असेल तरच आणखी आठवा भाग. खोलीत रात्री एसी आणि दिवसा खिडकी उघडी असेल तर दोन्ही मोजमापं दिवसाच्या त्याच वेळेला घ्या, नाहीतर हवेमागे धावत राहाल. गिटार पावसाच्या बाजूच्या भिंतीला टांगली असेल तर आधी तिथून काढा.

बाक जमला की मग सॅडल. १७व्या फ्रेटवर तारेखाली सुमारे १.६ मिलिमीटर ही चांगली सुरुवात आहे. इंटोनेशन (वरच्या फ्रेटांवरही सूर बरोबर लागणं) सर्वांत शेवटी.

नट हातच्या जोराने हलला नाही, किंवा पूर्ण ढिला होऊन लुळा पडला आणि तरी नेक मागेच झुकलेली राहिली, तर थांबा. पहिल्या बाबतीत सरळ चांगल्या कारागिराकडे जा. दुसऱ्या बाबतीत दहाचा सेट परत घाला आणि दोन दिवसांनी मोजा. तुमच्या बोटांना नऊच्या तारा आवडल्या असतील तर हे जिवावर येईल, पण त्या नेकला कदाचित तेवढी ओढ लागतच असेल.