सासऱ्यांचं वेड आणि नवऱ्याचा एमआरआय

प्रश्न : यांचं वय ४४. पतसंस्थेत कॅशिअर होते. दीड वर्षापूर्वी नोटा मोजताना चुकायला लागले, मग बोलणंच कमी झालं. आता उजवा पाय फरफटतो. आधी डिप्रेशनच्या गोळ्या झाल्या, नंतर फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया सांगितला. एमआरआयमध्ये पांढरे डाग आहेत म्हणे. सासरेही पन्नाशीच्या आत असेच भ्रमिष्ट होऊन गेले. मुलगी बारावीला आहे. काय करू?
– एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, सासऱ्यांचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत. मी तिथूनच सुरुवात करतो.

पत्रावरून निदान होत नाही. पण फ्रंटोटेम्पोरलमध्ये मुख्यतः मेंदूचा पुढचा आणि कानशिलाजवळचा भाग आक्रसतो. इथे श्वेतद्रव्यात, म्हणजे मेंदूच्या आतल्या जोडण्यांमध्ये डाग आहेत, पाय ओढतोय आणि वडिलांनाही तसंच झालं होतं. अशा वेळी मला एएलएसपी या दुर्मिळ आजाराची शंका येते. मेंदूची झाडलोट करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशी सीएसएफ१आर नावाच्या जनुकाच्या भरवशावर जगतात. त्यात बिघाड झाला की श्वेतद्रव्य झिजतं. या जनुकाचा छडा २०१२च्या सुमारास लागला, त्यामुळे सासऱ्यांच्या वेळी कुणाला कळणं शक्यच नव्हतं.

एमआरआयची सीडी घेऊन न्यूरॉलॉजिस्टला भेटा, नुसता रिपोर्टचा कागद नको. त्यावर ‘वयोमानानुसार बदल’ लिहिलं असेल तर ऐकू नका. चव्वेचाळिशीत कसलं वयोमान! पातळ कापांचा सीटी स्कॅन करता येईल का, हेही विचारा. या आजारात कधीकधी कॅल्शिअमचे मोहरीहून बारीक ठिपके दिसतात, ते एमआरआयमध्ये सहज निसटतात. बी-१२, थायरॉइड तपासून झालं नसेल तर ते आधी. शेवटी रक्तातून जनुक चाचणी.

बरं करणारं औषध आज नाही. अगदी सुरुवातीला अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलेल्या काही रुग्णांचा आजार थबकला आहे, म्हणून चालढकल नको.

जनुकाचा दोष निघालाच, तर मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी. पण तिची चाचणी आत्ता नको. अठरा पूर्ण झाल्यावर, समुपदेशकाशी बोलून, करायची की नाही ते तिचं तिनं ठरवावं. सध्या बारावी होऊ द्या.

एक काम मात्र आजच करा. सासूबाईंना आणि थोरल्या आत्यांना विचारून वहीत लिहा : सासरे कोणत्या वयात बदलले, चालायचे कसे, त्यांच्या भावंडांपैकी आणखी कुणाचं असं झालं का.