वाचकांचे प्रश्न : व्हेंटिलेटर, सही आणि रुग्णाचा शब्द

(या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.)

प्रश्न : माझे वडील ८१ वर्षांचे होते. पक्षाघाताच्या मोठ्या झटक्यानंतर ते एकोणीस दिवस व्हेंटिलेटरवर होते. विसाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “आता सुधारणेची आशा नाही, पण यंत्र आम्ही काढू शकत नाही, घरी नेणार असाल तर सही करा.” आम्ही सही केली. रुग्णवाहिकेत अंबू पिशवी (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबत त्यांना घरी आणले आणि थोड्याच वेळात त्यांचा श्वास थांबला. आत्या आजही म्हणते, “तुम्ही दादाला मारलंत.” बिलाचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. आम्ही त्यांना मारले का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. परंतु एवढ्या एका शब्दाने आपले समाधान होणार नाही, आणि होऊही नये, कारण आपण विचारलेला प्रश्न खरा आहे.

अशा वेळी सर्वसाधारणपणे दिले जाणारे उत्तर असे असते की, मारणे ही कृती आहे आणि उपचार थांबवणे ही केवळ माघार आहे; आजाराने माणूस गेला, आपण फक्त बाजूला झालो. हे उत्तर सोयीचे असले तरी पुरेसे नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ जेम्स रेचल्स यांनी १९७५ मध्ये त्यातील कच्चा दुवा दाखवून दिला. वारशाच्या लोभाने एक माणूस लहानग्या चुलतभावाला न्हाणीघरातील टबात बुडवतो. दुसरा त्याच हेतूने आत जातो, पण तोवर मूल स्वतःच पाय घसरून पाण्यात पडलेले असते आणि हा नुसता उभा राहून पाहतो. दुसऱ्याने हात लावला नाही म्हणून त्याला कोणी निर्दोष मानणार नाही. तेव्हा “आम्ही काही केले नाही” हा बचाव एकट्याने टिकत नाही, हे मान्य करावे लागते. मात्र याच उदाहरणातून हेही दिसते की, दोष ठरतो तो हातांच्या हालचालीवरून नव्हे, तर हेतूवरून आणि त्या प्रसंगी आपले कर्तव्य काय होते यावरून. त्या मुलाला पाण्यातून उचलता आले असते. आपल्या वडिलांना उचलण्याजोगे काही उरले नव्हते.

व्हेंटिलेटर हा औषधाच्या एका गोळीसारखा एकदा देऊन संपणारा उपचार नाही. तो दर मिनिटाला नव्याने दिला जाणारा उपचार आहे आणि म्हणून त्याचे समर्थनही दर दिवशी नव्याने द्यावे लागते. पहिल्या दिवशी ‘मेंदूची सूज उतरेपर्यंत श्वास चालू ठेवू’ हे समर्थन होते. विसाव्या दिवशी ते संपले होते. सुरू न करणे आणि सुरू केलेले थांबवणे यांत नैतिकदृष्ट्या फरक नाही, असे वैद्यकीय नीतिशास्त्रातील बहुतेक अभ्यासक मानतात, जरी मनाला दुसरी गोष्ट कितीतरी जड जाते. किंबहुना, एकदा लावलेले यंत्र काढताच येत नाही असे ठरले, तर ज्या रुग्णाची थोडी तरी आशा आहे त्यालाही ते लावायला डॉक्टर कचरतील. ‘पाच दिवस लावून पाहू, मग पुन्हा बसून बोलू’ असे म्हणता येण्यासाठी सहाव्या दिवशी काढण्याची मोकळीक असावी लागते.

आता डॉक्टरांच्या त्या वाक्याकडे वळू. यंत्र काढता येत नाही, हे त्यांचे म्हणणे कायद्याला धरून नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाच्या निकालात सन्मानाने मरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्काचाच भाग मानला आणि बरे होण्याची शक्यता नसलेल्या रुग्णाचे कृत्रिम आधार काढण्याची पद्धत घालून दिली. ती पद्धत इतकी किचकट होती की ती जवळजवळ कागदावरच राहिली. म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली : उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ, मग जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर ज्यात आहे असे दुय्यम मंडळ, प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे, कुटुंबाची संमती घ्यायची आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला फक्त कळवायचे. रुग्णाने आधी काही लिहून ठेवले नसेल तरीही ही वाट खुली आहे. पण पुष्कळ रुग्णालयांना ती माहीत नसते, किंवा माहीत असूनही पोलिसांची भीती वाटते. मग कुटुंबाकडून ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’ अशी सही घेतली जाते. सल्ला डॉक्टरांचाच, निर्णय डॉक्टरांच्याच सूचनेवरून, आणि कागदावर मात्र तो त्यांच्या विरुद्ध! या प्रथेला नुसते भित्रेपण म्हणून सोडून देता येत नाही, कारण तिची किंमत रुग्ण मोजतो. आपल्या वडिलांना रुग्णालयातल्या खाटेवर, धाप लागू नये म्हणून मॉर्फीन देऊन, हात हातात घेऊन जाता आले असते. त्याऐवजी ते रस्त्यावरच्या खड्ड्यांतून धक्के खात गेले. चूक झाली ती थांबण्यात नव्हे, थांबण्याच्या रीतीत, आणि ती आपली नाही.

पैशांबद्दल आपण प्रामाणिकपणे लिहिले, म्हणून तेवढ्याच प्रामाणिकपणे लिहितो. स्वतःला एक प्रश्न विचारून पाहा : बिल शून्य असते तर विसाव्या दिवशी निर्णय वेगळा झाला असता का? नसता, तर पैशांनी निर्णय घेतला नाही. जे दिसतच होते त्याकडे पाहायला भाग पाडले, एवढेच. वाचू शकणारा रुग्ण पैसे संपले म्हणून घरी नेला जातो, ती गोष्ट निराळी आणि फार मोठ्या अन्यायाची आहे, पण तिचा जाब भावंडांना विचारायचा नसतो. आत्यांशी वाद घालू नका. त्यांना त्या वीस दिवसांत कोणी चर्चेला बसवले होते का, याचा मात्र विचार करा.

प्रश्न : मी ७२ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे, अविवाहित आहे. मला ‘लिव्हिंग विल’ करायचे आहे. ‘नळ्या नकोत’ एवढे लिहिले तर पुरेल ना? माझा भाचा टोरंटोला असतो. त्याचे नाव घालावे असा विचार आहे. — एक वाचक, फोंडा

उत्तर : आपण योग्य वेळी, म्हणजे प्रकृती ठणठणीत असताना, विचारता आहात. मालमत्तेचे मृत्युपत्र माणूस गेल्यावर अमलात येते. हा कागद, म्हणजे कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत हे आधीच सांगून ठेवणारे इच्छापत्र, मात्र माणूस जिवंत असताना, पण स्वतः बोलू शकत नसताना बोलतो. तो लेखी असावा लागतो, दोन साक्षीदारांसमोर त्यावर सही करावी लागते आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो प्रमाणित करून घ्यावा लागतो. २०१८च्या नियमाप्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत असे. ती अट २०२३ पासून गेली. त्याची प्रत आपल्या वतीने निर्णय सांगण्यासाठी ज्यांची नावे घातली त्यांना, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना आणि नगरपालिकेने किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी. मन बदलले तर तो केव्हाही लेखी रद्द करता येतो. आपल्या गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचे तत्कालीन न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचे असे इच्छापत्र नोंदवले, तेव्हा तेथील कार्यालयांना हा प्रकार अगदीच अनोळखी राहिलेला नाही.

‘नळ्या नकोत’ हे मात्र पुरेसे नाही. ते घातकही ठरू शकते. न्यूमोनियासाठी चार दिवस व्हेंटिलेटर लागून पुन्हा बागेत फुलझाडांना पाणी घालणारी सत्तरीतली माणसे मी पाहिली आहेत, आणि तीच नळी मेंदू कायमचा निकामी झालेल्या देहात महिनोन्‌महिने राहिलेलीही पाहिली आहे. नळी तीच, अर्थ वेगळा. म्हणून उपकरणांची यादी करण्याऐवजी आपल्याला कोणते जगणे जगण्यासारखे वाटते ते लिहा : माणसे ओळखता येणार नसतील तर, स्वतःच्या हाताने घास घेता येणार नसेल तर, पुन्हा शुद्धीवर येण्याची वाजवी शक्यता डॉक्टरांना दिसत नसेल तर, असे. हृदय थांबल्यावर छाती दाबून ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करावा की नाही, याबद्दलही स्वतंत्र वाक्य असू द्या; त्या संदर्भात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढलेल्या आहेत. वेदनाशमन आणि शुश्रूषा कोणत्याही परिस्थितीत चालू राहावी, हेही आवर्जून लिहा.

भाच्याचे नाव जरूर घाला, पण दुसऱ्या क्रमांकावर. २०२३च्या बदलानंतर एकाहून अधिक व्यक्तींची नावे देता येतात. पहिले नाव अशा व्यक्तीचे असावे जी तासाभरात आपल्या खाटेजवळ येऊन उभी राहू शकेल आणि डॉक्टरांच्या नजरेला नजर देऊन ‘त्यांना हे नको होते’ असे म्हणू शकेल. आपल्या माजी विद्यार्थ्यांत कोणी असेल, शेजारी असेल. रक्ताचे नाते असलेच पाहिजे अशी अट नाही. आणि कागद करण्याआधी त्या व्यक्तीशी एक संध्याकाळ बोला. त्या बोलण्याशिवाय कागदाला फारसा जोर येत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्येही आगाऊ निर्देशाची तरतूद आहे, परंतु ती मनोविकाराच्या उपचारांपुरती आहे. दोहोंची गल्लत होऊ देऊ नका.

प्रश्न : आईला (वय ६४) अंडाशयाचा कर्करोग झाला आहे. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितले. बाबांचा आग्रह आहे की तिला काही कळता कामा नये, ती खचेल. ती रोज मला विचारते, “मला नक्की काय झालंय गं?” मी खोटे बोलते. हे चूक आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या आई रोज विचारतात, याचा अर्थ त्यांना उत्तराचा अंदाज आलेला आहे. त्यांना कळत नाही ते एवढेच की, घरातले सगळे आपल्यापासून का दूर सरकले आहेत.

केमोथेरपीच्या संमतिपत्रावर सही कोणाची? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आले होते. तपासणीपुरती भूल दिलेल्या एका प्रौढ स्त्रीचे गर्भाशय आणि अंडाशय डॉक्टरांनी त्याच वेळी काढले, आणि त्यासाठी परवानगी घेतली ती बाहेर बसलेल्या तिच्या आईची. प्रौढ व सज्ञान रुग्णाच्या वतीने दुसऱ्याने दिलेली अशी संमती ग्राह्य नाही, असे न्यायालयाने ठरवले. आईची मुलीसाठी चालली नाही, तशी पतीची पत्नीसाठीही चालत नाही.

तरीही तपासणीचा कागद त्यांच्या हातात ठेवून मोकळे होणे हे खरे बोलणे नव्हे. आधी त्यांनाच विचारा : “आई, तुला सगळं सविस्तर जाणून घ्यायचंय, की आम्ही आणि डॉक्टरांनी ठरवलेलं चालेल?” काही माणसे खरोखरच म्हणतात, तुम्हीच पाहा. तेही त्यांचेच ठरवणे असते आणि त्याचा मान राखावा. पण ती निवड त्यांची असली पाहिजे, बाबांची नव्हे. बाबांना समजवायला जाताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. ‘ती खचेल’ म्हणणारा माणूस बहुधा स्वतः खचलेला असतो.

प्रश्न : अरुणा शानभाग यांना केईएमच्या परिचारिकांनी इतकी वर्षे जपले. काही लोक म्हणतात ही सेवा, काही म्हणतात ही शिक्षा. आपले मत काय? — एक वाचक, परळ

उत्तर : ज्यांना ही हकिगत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका असलेल्या पंचवीस वर्षांच्या अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील सफाई कामगाराने गळ्याला कुत्र्याची साखळी आवळून अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात होत्या. त्यांना देण्यात येणारे अन्न थांबवावे, ही पत्रकार पिंकी विराणी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. मात्र त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने कृत्रिम आधार काढण्याचे दार आपल्या देशात पहिल्यांदा उघडले, हे लोक विसरतात.

अरुणा व्हेंटिलेटरवर नव्हत्या. त्यांचा श्वास त्यांचा होता, आणि कुस्करून भरवलेले अन्न त्या बरीच वर्षे तोंडाने घेत होत्या. कोल्हापूरच्या पत्राला मी जे उत्तर दिले ते येथे जसेच्या तसे लागू करण्यास मी धजणार नाही. यंत्र थांबवणे आणि भरवणारा हात थांबवणे यांत फरक आहे की नाही, यावर जगभर मतभेद आहेत. अनेक न्यायालये नळीवाटे दिलेल्या अन्नाला उपचारच मानतात, पण घास भरवणे हे माझ्या मते शुश्रूषेत मोडते. इतक्या वर्षांत त्यांच्या पाठीला जखम होऊ दिली गेली नाही, याची नोंद न्यायालयानेही कौतुकाने घेतली आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा ज्याने चार महिने केली असेल त्याला या एका वाक्याचे वजन कळेल. तेव्हा परिचारिकांच्या बाजूला मी शिक्षा हा शब्द वापरणार नाही.

पण विराणींच्या बाजूलाही मी क्रौर्य हा शब्द वापरणार नाही. न्यायालयापुढे खरी अडचण होती ती ‘अरुणा यांच्या वतीने कोण बोलणार’ ही. याचिकाकर्तीला तो अधिकार न देता न्यायालयाने तो रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना दिला, कारण रोज त्यांच्याजवळ तेच होते. विनोबा भावे यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार येथे अन्न आणि औषध नाकारले, तेव्हा असा प्रश्न उद्भवला नाही. त्यांनी ते स्वतः, शुद्धीवर असताना नाकारले होते. अरुणा शानभाग यांना तशी संधीच मिळाली नाही. पंचविशीतल्या मुलीला असले काही विचारायचे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसते, आणि आजही येत नाही. त्यामुळे दोन्ही बाजू त्यांच्यावरच्या मायेने बोलत होत्या, आणि त्यांना स्वतःला काय हवे होते हे दोघींनाही सांगता येत नव्हते.