रिबाउंडवर कोण पोचतं?

प्रिय पोरा,

शनिवारी तुला पासष्टाव्या मिनिटाला बाहेर काढलं. आत येणाऱ्या मुलाने टाळीसाठी हात पुढे केला, तू मान खाली घालून तसाच निघून गेलास. मग बाकावर बसून बुटाची नाडी अशी ओढलीस की गाठ आणखीच घट्ट बसली. मी लांबून बघत होतो. तेव्हा बोललो नाही, कारण तुझ्या कानात काही शिरलं नसतं. सहा मॅच गोल नाही, मग मी फॉरवर्ड कसला, हेच तुला खातंय ना? म्हणून आज जपानचा फुटबॉलपटू, फॉरवर्ड शिंजी ओकाझाकी याच्याबद्दल लिहितोय.

२००५ साली शाळा संपवून तो जपानच्या शिमिझू एस-पल्स क्लबमध्ये आला, तेव्हा तिथल्या आठ फॉरवर्डमध्ये त्याचा नंबर आठवा होता. उंची १७४ सेंटीमीटर, पायात वेग नाही. मग बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये पळालेल्या एका धावपटूकडून तो पळायला शिकला. नीट वाच, पळायला! व्यावसायिक खेळाडू झाल्यावर पाऊल कसं टाकायचं इथपासून पुन्हा सुरुवात करायची, याला केवढं मन लागतं.

६ जून २००९ ची ताश्कंदची मॅच शोधून बघ. उझबेकिस्तानला हरवलं की जपानचं २०१० च्या वर्ल्ड कपचं तिकीट पक्कं. नवव्या मिनिटाला ओकाझाकीने डाव्या पायाने फटका मारला, कीपरने अडवला. अशा वेळी तू काय करतोस? दोन्ही हात डोक्यावर नेतोस आणि आभाळाकडे बघतोस. तो मात्र तोल जात असतानाच पुढे झेपावला आणि परत आलेला चेंडू, म्हणजे रिबाउंड, डोक्याने आत ढकलला. जपान १-० ने जिंकला. मी हा गोल कितीदा पाहिला असेल, दर वेळी माझी नजर पहिला फटका अडल्यानंतरच्या त्या क्षणावरच जाते. त्याला वाईट वाटायलासुद्धा सवड नव्हती. ‘आयुष्यभर डायव्हिंग हेडर’ हे त्याचं ब्रीदवाक्य होतं, ते उगीच नाही.

आता लेस्टर, ओकाझाकीचा इंग्लंडमधला क्लब. २०१५-१६ मध्ये त्यांनी प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वोच्च लीग जिंकली, तेव्हा त्याच्या संघातल्या वार्डीचे २४ गोल होते, माहरेझचे १७. ओकाझाकीचे ३६ सामन्यांत ५. साठ-सत्तर मिनिटं तो समोरच्यांच्या अंगावर धावून जायचा, त्यांना मान वर करून पास द्यायला फुरसत द्यायचा नाही, आणि दमला की बाहेर. पुढच्या मॅचला पुन्हा तेच. त्या पाचांतला एक मात्र बघच: १४ मार्च २०१६, न्यूकॅसलविरुद्ध, गोलकडे पाठ करून हवेत मारलेली किक. लेस्टरने मॅच १-० ने जिंकली.

इथे थांबून तुला ‘धावत राहा, गोलचं मनावर घेऊ नकोस’ असं सांगणं सोपं आहे. मी तसं सांगणार नाही, कारण ओकाझाकीने स्वतःही ते मानलं नाही. त्याच्या धावण्याचं कौतुक होत होतं, पण त्याला स्ट्रायकर व्हायचं होतं आणि तो ते उघड बोलायचा. जर्मनीत माइन्झकडून एका मोसमात १५ गोल केलेला माणूस होता तो. २०१९ मध्ये त्याने लेस्टर सोडलं. स्पेनमध्ये मालागाने घेतलं, पण पगाराच्या मर्यादेमुळे त्याची नोंदणीच होईना आणि एकही अधिकृत सामना न खेळता करार संपला. मग तो दुसऱ्या विभागातल्या उएस्काकडे गेला. तिथे १२ गोल केले, संघात सर्वाधिक. उएस्का विभाग जिंकून ला लिगामध्ये, म्हणजे स्पेनच्या पहिल्या विभागात गेलं, तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. २०२४ मध्ये अडतिसाव्या वर्षी थांबला, तेव्हा जपानसाठी ११९ सामन्यांत ५० गोल त्याच्या नावावर होते. जपानच्या गोलांच्या यादीत त्याच्या पुढे फक्त कामामोतो आणि काझू मिउरा.

तुझी भूक मला हवीच आहे. शनिवारी चोविसाव्या मिनिटाला आपल्या लेफ्ट विंगरचा फटका कीपरच्या हातातून सुटला, तेव्हा तू बॉक्सच्या रेषेवर उभा राहून पास न मिळाल्याबद्दल ओरडत होतास. चेंडू गोलपासून चार पावलांवर पडला होता. त्यांच्या बॅकने निवांत येऊन तो बाहेर मारला.

मंगळवारी सकाळी सहाला ये. मी फटके मारीन, कीपर अडवील, तू फक्त रिबाउंडवर जायचंस. आणि येताना त्या बदली आलेल्या मुलालाही घेऊन ये.

तुझा,
कोच