खाते कोणाच्या नावावर आहे आणि किती दिवस उरले आहेत, हे आजच पाहा

नमस्कार.

चिक्कोडी भागातील आपल्या सौहार्द सहकारी सोसायटीची हकिगत वाचली आणि रात्री उशीर झाला असला तरी उत्तर लिहायला बसलो. सोमवारी सकाळी सर्व्हरवरील एकही फाइल उघडेना, प्रत्येक नावापुढे अनोळखी अक्षरे चिकटलेली, क्लाउडवरील फोल्डर पाहावे तर तिथेही तोच प्रकार, आणि ती सेवा विकणारा विक्रेता ‘हेड ऑफिसला कळवले आहे, थांबा’ एवढेच सांगतो, असे आपण लिहिले आहे. हा खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारा, म्हणजे रॅन्समवेअरचा हल्ला दिसतो. थांबावे का, पुढे कोणती सेवा घ्यावी, आणि तोच विक्रेता आता सुचवत असलेली ‘एआय विश्लेषणा’ची महाग योजना घ्यावी का, असे आपले तीन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर आधी देतो. थांबू नका. थांबल्यामुळेच आमचे सर्वांत मोठे नुकसान झाले.

मी या विषयात पदवी घेतलेला नाही. बेळगावच्या उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये हिशेब आणि संगणक ही दोन्ही कामे अठरा वर्षे सांभाळतो आहे, एवढाच माझा अधिकार. कायद्याविषयी जे लिहिले आहे ते आपल्या सनदी लेखापालांकडून तपासून घ्यावे. बाधित यंत्रे नेटवर्कपासून तोडणे, पासवर्ड बदलणे वगैरे गोष्टी आपण केल्याच असतील, म्हणून त्यांत वेळ घालवत नाही.

आमच्याकडे हे २०२१ च्या जुलैमध्ये घडले. लॉकडाउनच्या काळात घरून काम करता यावे म्हणून उघडलेला रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून कार्यालयातील संगणक चालवण्याची सोय, आम्ही पुढे बंद केला नव्हता आणि त्याचा पासवर्ड कंपनीच्या नावावरून कोणालाही ओळखता येईल असा होता. सकाळी मी टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडायला गेलो, तर कंपन्यांची यादीच येईना. क्लाउडवर सर्व काही जाते, या भरवशावर मी तासभर निर्धास्त होतो. प्रत्यक्षात आमच्याकडे होते ते सिंक, म्हणजे इथले फोल्डर आणि तिथले फोल्डर सतत सारखे ठेवणारी सोय. इथली फाइल कुलूपबंद झाली की काही मिनिटांत तिथलीही होते. आपलेही हेच झाले आहे.

तरीही त्या दिवशी आमची मूळ माहिती शाबूत होती, आणि हे मला नऊ दिवस ठाऊक नव्हते. अशा हल्ल्यात फाइलचे नाव बदलते, तेव्हा सिंक सेवा अनेकदा तिला नवी फाइल समजते आणि जुनी कचरापेटीत टाकते. आमच्या सेवेत ती कचरापेटी ३० दिवस राहत होती. हे नऊ दिवस आम्ही सर्व्हरची डिस्क काढून कधी एका, कधी दुसऱ्या तंत्रज्ञाकडे नेण्यात घालवले. दहाव्या दिवशी एका ओळखीच्या मुलाने कचरापेटीचे सांगितले आणि लॉगिन करायला गेलो, तेव्हा कळले की त्या खात्याचे मुख्य व्यवस्थापक आम्ही नाहीच. विक्रेत्याच्या एका कर्मचाऱ्याने खाते उघडताना स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा मोबाइल क्रमांक दिला होता, आणि तो कर्मचारी वर्षभरापूर्वीच नोकरी सोडून गेला होता. पैसे दरवर्षी आम्ही भरत होतो, बिल आमच्या नावाचे होते, आणि किल्ली मात्र तिसऱ्याच माणसाच्या खिशात होती.

त्यानंतर त्या विक्रेत्याच्या कार्यालयाने जे केले ते आठवले की आजही संताप येतो. पहिल्यांदा लेटरहेडवर अर्ज मागितला. तो दिला, तर संचालकांच्या सहीचा ठराव हवा म्हणाले. ठराव दिला, तर त्यावर शिक्का नीट उमटलेला नाही म्हणून परत पाठवला. पुढे त्यांची हुबळीची शाखा बंगळूरकडे बोट दाखवू लागली आणि बंगळूरवाले हुबळीकडे. दोनदा मी स्वतः पावसात हुबळी गाठली. समोरची बाई सभ्यपणे बोलायची, पण ३० दिवसांची मुदत चालू आहे, हे माझे म्हणणे कोणीही कागदावर घेतले नाही. चौतिसाव्या दिवशी प्रवेश मिळाला. कचरापेटी उघडली, तर पांढऱ्या पडद्यावर ‘येथे काहीही नाही’ एवढीच ओळ होती.

हिशेब वाचले ते लेखापरीक्षकांमुळे. टिळकवाडीतील त्यांच्या कार्यालयात ३१ मार्चपर्यंतचा टॅलीचा बॅकअप होता. एप्रिलपासूनच्या नोंदी आम्ही चलनांच्या फाइलींवरून पुन्हा भरल्या. पावसाने काही चलनांची शाई फुटली होती. ती खिडकीशी धरून आकडे लावावे लागले. परंतु अकरा वर्षांची ड्रॉइंगे आणि सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचे प्रोग्राम गेले ते गेलेच. जे प्रोग्राम मशीनच्या स्मृतीत शिल्लक होते तेवढे परत उतरवून घेतले, आणि बाकीच्यांसाठी आमच्या सर्वांत जुन्या ऑपरेटरकाकांची तेलकट वही उपयोगी पडली. त्यांनी प्रत्येक जॉबचे ऑफसेट आणि टूल क्रमांक पेन्सिलीने लिहून ठेवले होते. ती वही आज कार्यालयाच्या कपाटात असते.

म्हणून उद्या कार्यालय उघडताच पुढील काम करा. आपल्या क्लाउड खात्याचा मुख्य व्यवस्थापक कोण आहे ते पाहा आणि हल्ल्याच्या तारखेपासून दिवस मोजा. मुदती सेवेप्रमाणे बदलतात. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते, आणि तिथे चढवलेल्या फाइलची जुनी आवृत्ती ३० दिवसांनी किंवा १०० आवृत्त्या झाल्यावर पुसली जाऊ शकते. वनड्राइव्हच्या व्यावसायिक खात्यात पुसलेली फाइल साधारण ९३ दिवस मिळते. किल्ली विक्रेत्याकडे असेल तर फोनवर विसंबू नका. मुदतीची तारीख लिहून ईमेल करा, पोच घ्या, आणि त्याच दिवशी मूळ सेवा देणाऱ्या कंपनीच्या मदत कक्षाकडेही स्वतंत्र तक्रार नोंदवा. विक्रेत्याला वगळून थेट मूळ कंपनीकडे जाता येते, हे आम्हाला कोणी सांगितले नाही.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. ती वेळ टळली असली तरी कळवा. पोलिसांकडे अर्ज कन्नडमध्ये टंकलिखित करून नेल्यास काम लवकर होते, हा माझा अनुभव आहे, आणि पोच-प्रत जपून ठेवा, कारण विमा आणि लेखापरीक्षण दोन्हीकडे ती मागतात. खंडणी देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. कुलूपबंद फाइलीही पुसू नका. युरोपोल आणि डच पोलिसांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात काही प्रकारच्या कुलपांच्या किल्ल्या विनामूल्य मिळतात, आणि आज न मिळालेली किल्ली वर्षभराने मिळू शकते.

आता कोणती सेवा घ्यावी, याविषयी. नाव सुचवण्याचे मी टाळतो, कारण बॅकअप सेवांच्या या बाजारात नावे फार लवकर बदलत आहेत. कोहेसिटी या कंपनीने व्हेरिटास या दुसऱ्या कंपनीचा डेटा-संरक्षणाचा व्यवसाय डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःत सामावून घेतला, रुब्रिक एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली, आणि २००८ मध्ये आपल्या पुण्यात सुरू झालेली ड्रुवा (Druva) ही कंपनी तर ग्राहकाच्या जागेत पेटी न बसवता संपूर्ण बॅकअप क्लाउडवरूनच चालवण्यावर वाढली. या सर्वांचा रोख एकाच दिशेला आहे. पूर्वी या कंपन्या ‘फाइल परत मिळेल’ एवढे विकत होत्या. आता त्या स्वतःला सुरक्षा कंपन्या म्हणवतात आणि जमा झालेल्या प्रतींवर विश्लेषण करून देण्याचे पैसे घेतात. मोठ्या बँकेला त्याची गरज असेल. आपल्या आठ संगणकांच्या सोसायटीला त्यातला एकच भाग उपयोगाचा आहे, तो म्हणजे एका रात्रीत नेहमीपेक्षा फार जास्त फाइली बदलल्या तर इशारा देणारी सोय. आमच्याकडे ती असती तर सकाळची वाट पाहावी लागली नसती. ही सोय आता अनेक साध्या योजनांतही मिळते, त्यामुळे तेवढ्यासाठी महाग योजना घेऊ नये, असे मला वाटते. रंगीत आलेख दाखवणाऱ्या विक्रेत्याला एवढेच सांगा, की माझ्या समोर बसून मागच्या महिन्यातील अमुक तारखेचे खतावणीचे पान परत आणून दाखवा.

ज्या गोष्टीवर पैसे खर्च करावेत असे मी आग्रहाने सांगेन ती म्हणजे न बदलता येणारी प्रत. ॲमेझॉनने २०१८ मध्ये आपल्या साठवणीत ‘ऑब्जेक्ट लॉक’ आणले, आणि तशीच सोय आता इतरांकडेही आहे. ठरवलेली मुदत संपेपर्यंत ती प्रत विशेष अधिकार नसलेल्या कोणालाही पुसता येत नाही. त्यातील कडक प्रकारात तर खात्याच्या मुख्य मालकालाही नाही. हा कडक प्रकार निवडला, तर चोराच्या हाती आपला पासवर्ड गेला तरी ती प्रत उरते. आमची मुदत आम्ही ९० दिवसांची ठेवली आहे. मुदत घालताना मात्र जपून, कारण चुकून दहा वर्षे घातली तर दहा वर्षांचे भाडे भरावे लागेल.

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम अजूनही खरा आहे. क्लाउड म्हणजेही शेवटी कुठेतरी उभी असलेली इमारत. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या क्लाउड कंपनीचे डेटा सेंटर जळाले, तेव्हा ज्यांची दुसरी प्रतही त्याच आवारात होती त्यांच्यापैकी अनेकांचे सर्व गेले. दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारी डेटा सेंटरला आग लागून कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठवणीतील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली, कारण तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. आपल्याकडे ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज या तंत्रपुरवठादारावरील हल्ल्यामुळे सुमारे ३०० लहान बँकांचे देयक व्यवहार तोडावे लागले होते. आपल्या सोसायटीचे कोअर सॉफ्टवेअरही बाहेरच्याच पुरवठादाराकडे असेल, तर त्याच्याकडे आपल्या खातेदारांची प्रत कोणत्या शहरात असते, हे लेखी विचारा. आम्ही रोजच्या क्लाउड प्रतीबरोबर दोन बाह्य डिस्क ठेवतो. त्या दर शनिवारी आलटून पालटून बदलतात आणि न वापरलेली डिस्क मालकांच्या शहापुरातील घरी जाते. डिस्क सतत जोडून ठेवू नका. जोडलेली डिस्कही कुलूपबंद होते.

आणखी एक गोष्ट बोलणीच्या वेळी झाकली जाते. माहिती चढवायला सहसा पैसे लागत नाहीत, उतरवायला लागतात, आणि सर्वांत स्वस्त दराच्या साठवणीतून माहिती हाती यायला कित्येक तास जातात. शिवाय आपल्या भागातील इंटरनेटचा वेग लक्षात घ्या. ५० एमबीपीएसच्या जोडणीवर ५०० जीबी उतरवायला, वीज एकदाही न जाता आणि वेग एकदाही न घसरता, २२ तासांहून अधिक लागतात. पावसाळ्यात खानापूर-चिक्कोडीकडे हे कितपत शक्य आहे, ते आपणच जाणता. त्यामुळे रोज लागणारी प्रत जवळच्या डिस्कवर असावी. टॅलीचे चालू फोल्डर थेट सिंकमध्ये ठेवू नका. काम सुरू असताना फाइली अर्धवट चढतात आणि माहिती बिघडते. संध्याकाळी टॅली बंद करून तिचा स्वतःचा बॅकअप घ्या आणि ती फाइल चढवा.

कायद्याकडूनही आता मागणी वाढते आहे. आमची प्रायव्हेट लिमिटेड असल्यामुळे कंपनी कायद्याखालील नियमांच्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार हिशेबांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. सहकारी संस्थेला तो नियम तसाच लागत नाही, पण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आपल्यालाही लागू होईल, कारण आपल्याकडे खातेदारांचे आधार आणि पॅन आहेत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत आहे, आणि पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. भारतातील जागा निवडणे आता अवघड नाही. ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या मोठ्या तिन्ही क्लाउड कंपन्यांची केंद्रे मुंबई, पुणे, चेन्नई, हैदराबाद, दिल्ली यांपैकी कुठे ना कुठे आहेत. करार करताना जागेचे नाव लिहून घ्या.

नवे खाते उघडताना ईमेल सोसायटीच्या स्वतःच्या डोमेनवरचा द्या, मोबाइल सचिवांचा आणि अध्यक्षांचा असे दोन द्या, आणि फोन हाताशी नसताना लॉगिन करण्यासाठीचे आपत्कालीन कोड छापून तिजोरीत ठेवा. विक्रेत्याला हवे तर मर्यादित अधिकार द्या, मुख्य अधिकार देऊ नका. सचिव बदलले की खात्याचा ताबाही ठरावाने बदलला पाहिजे, तसे इतिवृत्तात नोंदवा. दर तिमाहीत एक जुनी फाइल परत आणून तिची छापील प्रत लेखापरीक्षकांच्या फाइलला लावतो, ही आमची पद्धत आहे. त्याला अर्धा तास लागतो.

आपण सोमवार लिहिले आहे, तारीख लिहिलेली नाही. ती तारीख आणि सेवेचा प्रकार इथे कळवा, म्हणजे किती दिवस हाती आहेत ते मिळून पाहू. विक्रेत्याला पाठवायचा ईमेल मराठीत किंवा इंग्रजीत मी लिहून देईन, कन्नडसाठी आमच्या कार्यालयातील एक सहकारी मदत करतील. खातेदारांची नावे किंवा क्रमांक दिसतील असे पडद्याचे फोटो मात्र इथे टाकू नका.