बर्लिनची भिंत पडल्यावर पूर्व जर्मनीतील स्त्रिया स्वखुशीने नोकऱ्या सोडून घरी परतल्या, हे खरे आहे का?

नाही. सरकारची सक्ती संपताच तिथल्या बायकांनी आनंदाने चूल आणि मूल पत्करले, असे सांगणाऱ्यांनी जन्मांचे आकडे पाहिलेले नसतात. १९९० मध्ये पूर्वेत पावणेदोन लाखांहून अधिक मुले जन्मली आणि १९९४ मध्ये ८०,००० सुद्धा नाहीत. संसारासाठी राजीखुशीने घरी बसलेल्या पिढीचे आकडे असे नसतात. हातची नोकरी गेलेल्या आणि पुढच्या धास्तीने पाळणा लांबवणाऱ्या स्त्रियांचे हे आकडे आहेत.

मी पूर्वेकडील लाइपझिग शहरात राहते. आमच्या खालच्या मजल्यावरील आजी एकेकाळी सूतगिरणीत पाळीच्या प्रमुख होत्या. मुलगी झाल्यावर मी कायमचे अर्धवेळ काम पत्करण्याच्या विचारात आहे असे कळले, तेव्हा त्यांनी कपाटातून आपली हिरवी सामाजिक विम्याची पुस्तिका काढून माझ्यापुढे ठेवली. त्यात दर वर्षाची एक ओळ होती: काम कोणते, वर्षाची कमाई किती आणि शेजारी गिरणीचा शिक्का. त्या ओळींवर बोट ठेवत त्यांनी मुलगा झाला ते वर्ष दाखवले. भरपगारी नसली तरी भत्त्यासह वर्षभराची रजा, नंतर गिरणीचेच पाळणाघर आणि पुन्हा तीच जागा. शेवटचा शिक्का १९९१ चा आहे, कारण त्याच वर्षी गिरणी बंद झाली.

१ जुलै १९९० रोजी पूर्वेतील पगार एकास एक दराने पश्चिम जर्मनीच्या मार्क या चलनात आले, तिथला माल गिऱ्हाइकांना एका रात्रीत महाग झाला आणि सोव्हिएत गटातील गिऱ्हाईक तुटले. सर्वांत आधी कोसळलेल्या उद्योगांत कापड होते, आणि तिथे बहुसंख्य कामगार स्त्रियाच होत्या. आजींच्या गिरणीत निरवानिरवीसाठी जी थोडी माणसे ठेवली, ती पुरुष यांत्रिकांतून निवडली. रोजगार कार्यालयात आजींना पहिला प्रश्न आला तो मुलाला कोण सांभाळणार हा, आणि तो प्रश्न आपल्याला आयुष्यात प्रथमच विचारला गेला असे त्या अजूनही संतापाने सांगतात. पुढे त्यांनी वृद्धांच्या शुश्रूषेचे प्रशिक्षण घेतले आणि निवृत्तीपर्यंत कमी पगारावर तेच काम केले. १९९३ मध्ये पूर्वेकडील बेरोजगारांत ६० टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. त्यांना ‘घरी परतलेल्या’ म्हणणे मला अपमानास्पद वाटते.

जुन्या राजवटीचे गोडवे मी गात नाही. सत्ताधारी पक्षाच्या सर्वोच्च मंडळात, म्हणजे पॉलिटब्यूरोत, मतदानाचा अधिकार असलेली एकही स्त्री शेवटपर्यंत नव्हती, आणि घरकामासाठी महिन्याला मिळणारी एक पगारी सुट्टी जवळजवळ फक्त बायकांनाच होती, म्हणजे धुणीभांडी कोणाची हे सरकारनेही ठरवून टाकले होते. आज पूर्वेत स्त्री-पुरुषांच्या पगारातील तफावत पश्चिमेच्या निम्म्याहूनही कमी आहे, पण त्याचे एक कारण तिथे पुरुषांचेही पगार कमी आहेत हे आहे. पाळणाघरे मात्र बऱ्याच अंशी टिकली, म्हणून मला इथे नोकरी करता येते.

माझे दीर गेली कित्येक वर्षे सांगत आले आहेत की जर्मनीत नवरा-बायकोची करआकारणी एकत्र होते, तेव्हा बायकोच्या पूर्ण पगारातून हाती फारसे उरत नाही आणि तिने अर्धवेळच काम करावे. त्यांचा हिशेब या महिन्यापुरता बरोबर आहे, म्हातारपणासाठी तो साफ चुकीचा आहे. पेन्शन स्वतःच्या नावावर भरलेल्या रकमेवर ठरते. आजींचा घटस्फोट जुन्या राजवटीत झाला, त्यामुळे पश्चिमेतील घटस्फोटितांप्रमाणे नवऱ्याच्या पेन्शनमधला वाटा त्यांना मिळाला नाही; आज त्यांचे भागते ते त्या पुस्तिकेतील ओळींवर. आपल्या घरात कोणी इथे नोकरी करत असेल आणि अर्धवेळ घ्यावेच लागत असेल, तर तिने ते २०१९ पासूनच्या कायद्याप्रमाणे ठरावीक मुदतीचे घ्यावे. ४५ हून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी सहा महिने नोकरी झाली की तो हक्क मिळतो आणि मुदत संपल्यावर पूर्णवेळ जागा परत द्यावीच लागते. मी तसेच घेतले आहे.