दुखत नाही, म्हणून थांबू नका

हिरड्यांबद्दल विचारणारे दर वेळी नवे असतात, गैरसमज मात्र तेच. म्हणून या वेळी फक्त हिरड्यांचेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : ब्रश करताना रक्त येतं, पण दुखत नाही. थोडे दिवस त्या जागी ब्रश लावला नाही तर बरं होईल का?

नाही, वाढेल. हिरडी आधीच सुजलेली आहे म्हणून रक्त येतं. सूज येते ती हिरडीच्या कडेला साचलेल्या जिवाणूंच्या चिकट थरामुळे. नेमकी तीच जागा सोडलीत तर थर जाडच होणार. मऊ ब्रश घ्या, हिरडीच्या कडेवरूनही हलक्या हाताने फिरवा आणि डेंटिस्टना दाखवा. ब्रश न लावताही रक्त येत असेल, अंगावर काळेनिळे डाग उठत असतील किंवा सोबत ताप असेल, तर फिजिशियनकडे त्याच दिवशी जा.

प्रश्न : डेंटिस्टनी स्केलिंग, म्हणजे दातांवर साचलेला कडक थर काढून घ्यायला सांगितलं आहे. पण शेजारच्या काकूंचे दात स्केलिंगनंतर हलायला लागले, फटीही पडल्या. करू की नको?

करा. ऐकीव माहितीमुळे वाटणाऱ्या याच भीतीपायी दात जातात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दात हिरडीने धरलेला नसतो. त्याला धरून ठेवतं ते जबड्याचं हाड, आणि हाड व मूळ यांना जोडणारे बारीक तंतू. हिरडीजवळचा थर रोजच्या रोज निघाला नाही की लाळेतल्या क्षारांनी काही दिवसांत कडक होतो. हेच कीटण. ते ब्रशने निघत नाही, आणि त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर नवा थर आणखी सहज बसतो. हिरडी आणि दात यांच्यातली खाच निरोगी तोंडात साधारण 1 ते 3 मिलिमीटर असते. सूज टिकून राहिली की ती खोल होत जाते, तिथे ब्रश पोचत नाही, आणि जिवाणूंशी लढताना शरीर स्वतःच्याच हाडाची झीज करून घेतं. याला आपण पायोरिया म्हणतो. हे वर्षानुवर्षं चालतं, आणि बहुतेकांना दुखत नाही.

आता काकूंचं. त्यांचं हाड स्केलिंगच्या आधीच गेलेलं असणार. दातांमधल्या मोकळ्या जागा कीटणाने सिमेंटसारख्या बुजवल्या होत्या, त्यामुळे दात घट्ट वाटत होते. कीटण काढलं, सूज उतरली, हिरडी आक्रसली, तेव्हा खरी परिस्थिती दिसली. थंड पाणी काही दिवस झोंबतं तेही उघड्या पडलेल्या मुळांमुळे. नीट केलेल्या स्केलिंगने हाड कमी होत नाही. दात ढिले केले ते रोगाने, आणि दोष मात्र उपचाराला लागला.

नुसती हिरडीची सूज असेल तर ती पूर्ण बरी होते. हाड गेल्यावर तसं होत नाही; काही ठरावीक जागी शस्त्रक्रियेने थोडं भरून आणता येतं, एरवी उरलेलं राखणं एवढंच हातात राहतं. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणताना हाड जात असतं. म्हणून डेंटिस्टना सांगा, हिरडीच्या खाचांची खोली मोजा, गरज असेल तर एक्स-रे काढा. खाचा खोल निघाल्या तर मुळांची खालपर्यंत सफाई लागते. त्यासाठी हिरड्यांच्या तज्ज्ञांकडे जावं लागू शकतं.

प्रश्न : ‘हिरड्या पुन्हा वाढवणारी’ टूथपेस्ट घ्यावी का?

त्यासाठी नको. कोणत्याही पेस्टने गेलेलं हाड परत येत नाही आणि साचलेलं कीटण निघत नाही. वेष्टनावर काहीही छापता येतं.

प्रश्न : मिस्टर रोज सिगारेट ओढतात, पण त्यांच्या हिरड्यांतून कधीच रक्त येत नाही. म्हणजे ठीक ना?

याचीच मला काळजी वाटते. तंबाखूच्या धुराने हिरडीचा रक्तपुरवठा दबतो, त्यामुळे रक्त येण्याची खूणच झाकली जाते. आतली झीज मात्र धूम्रपान न करणाऱ्यांपेक्षा जास्त होते आणि उपचारांचा गुणही कमी येतो. त्यांना तपासणीला न्याच.

प्रश्न : मधुमेहाचा आणि हिरड्यांचा काही संबंध असतो का?

असतो, दोन्ही बाजूंनी. साखर ताब्यात नसेल तर हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्यांत सूज असेल तर साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या औषधांची कल्पना द्या.

प्रश्न : पाचवा महिना आहे, हिरड्या फुगल्यात. स्केलिंग चालेल का?

चालतं. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे हिरड्या लवकर सुजतात, आणि मधले तीन महिने यासाठी सोयीचे. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आधी विचारा.

प्रश्न : रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यापासून हिरड्या दातांवर चढल्यासारख्या दिसतात. गोळी बंद करू का?

स्वतःहून अजिबात नाही. अ‍ॅम्लोडिपिनसारख्या काही गोळ्यांनी असं होऊ शकतं. ज्यांनी गोळी दिली त्यांना हिरड्या दाखवा. बदलायची की नाही ते तेच ठरवतील. दातांची सफाई मात्र या आठवड्यातच करून घ्या, कारण थर साचलेला असेल तिथे ही वाढ जास्त होते.