स्कार्लेट बॅडिस दाणे खात नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की २५ लिटरच्या टाकीतले लाल पट्ट्यांचे दोन स्कार्लेट बॅडिस मासे आठ दिवस दाण्यांना तोंड लावत नाहीत आणि पोट खपाटीला गेलंय. दाणे बदलून फरक पडणार नाही. आसाम आणि उत्तर बंगालमध्ये, ब्रह्मपुत्रेच्या उपनद्यांतल्या पाणवनस्पतींच्या आडोशाने हा मासा बारीक अळ्या टिपून जगतो. हललं नाही ते त्याला खाणं वाटतच नाही. नर जेमतेम २ सेंमीचा, म्हणजे तोंड किती लहान ते बघा.

म्हणून हलतं, जिवंत खाणं द्या: आजच आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जिवाची) अंडी लावा. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, चिमूटभर खायचा सोडा, अर्धा छोटा चमचा अंडी. एअर पंपाची नळी तळापर्यंत सोडा, वर दिवा ठेवा. २६ ते २८ अंशांना साधारण २४ तासांत पिलं निघतात. बुडबुडे कमी पडले तर अंडी तळाशी साचून वाया जातात. अंड्यांच्या डब्याला दमट हवा लागली असेल तरी ती फुटत नाहीत. मग पंप बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर येतात, नारिंगी पिलं खाली जमतात. ती नळीने ओढा, तलम कापडातून गाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि ड्रॉपरने माशाच्या पुढ्यात सोडा. शिळी करू नका, पिलांच्या अंगातलं पोषण तासातासाला घटतं. टाकीत ती काही तासांतच मरतात, म्हणून दिवसातून दोनदा, थोडीच. उरलेली कुजली की अमोनिया वाढतो.

दोन्ही लाल आहेत म्हणजे दोन्ही नर. दुकानात बहुतेक नरच येतात. एवढ्या जागेत दांडगा नर दुसऱ्याला कोपऱ्यात दाबून ठेवतो आणि तो उपाशी राहतो, त्यामुळे एक परत देणं उत्तम. तोवर जावा मॉस या पाणशेवाळाचे दाट झुपके मधोमध ठेवा, एकाला दुसरा दिसता कामा नये. बदल्यात मादी घ्यायची तर नीट पाहून घ्या: ती राखाडी आणि लहान असते, पण दबलेला फिका नरही मादी म्हणून गळ्यात मारला जातो. गप्पी किंवा टेट्रा सोबत नकोत, ते याच्या तोंडचं खाणं पळवतात.

हीटर लागत नाही, २० ते २६ अंश पुरे.

नीट खाऊ लागूनही दोन आठवड्यांत पोट भरलं नाही आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी दिसली, तर पोटात जंत असण्याची शक्यता धरा. त्या माशाला वेगळ्या भांड्यात काढून मगच औषधाचं बघा.